ट्रक बोलतो, आधी ऐका, मग पाना लावा



बैलबाजारात गेलेला कास्तकार जनावर कसे घेतो? आधी दात बघतो. खांद्यावरून हात फिरवून सूज आहे का ते पाहतो. खूर उचलून बघतो. चालवून बघतो, मग जुंपून बघतो. विकणारा कितीही गोड बोलला तरी आपली नजर बैलाच्या पायावर. भावाची गोष्ट त्यानंतर.

तोच कास्तकार जुना ट्रक घ्यायला निघाला की काय होते? रंग बघतो, टायरवर लाथ मारतो, हॉर्न वाजवतो आणि देवाचे नाव घेऊन इसार देतो. चार दिवसांनी गाडीतून खडखड ऐकू येते. मग मिस्त्री म्हणतो, ‘इंजिन उतरवावे लागेल.’ उतरवले. पैसे गेले, ऐन वेचणीतला आठवडा गेला, आणि खडखड जिथल्या तिथे. कारण ती इंजिनात नव्हतीच, ती होती मागच्या चाकात.

आमचे म्हणणे सरळ आहे. आवाज हा जुन्या ट्रकचा पंचनामा आहे. तो पंचनामा झाल्याशिवाय इसार देऊ नका, आणि घेतल्यावर आवाज निघाला तर तो कुठून येतो हे ठरल्याशिवाय पाना लावू देऊ नका. हे काम अवघड नाही. त्याला कान लागतात, थोडा धीर लागतो आणि क्रम लागतो.

तपासतो तो भाव ठरवतो

आपल्या कापसात व्यापारी कोपरापर्यंत हात घालतो. कवडी शोधतो, धागा ओढून बघतो, ओलावा मोजतो. सरकारी खरेदीतसुद्धा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत फिरते. ज्वारीचे पोते बोथ्याने टोचून दाणा हातावर घेतला जातो. म्हणजे आपण विकायला गेलो की माल तपासणारा तो, आणि आपण विकत घ्यायला गेलो की माल न तपासणारे आपण! दोन्ही व्यवहारांत भाव ठरवणारा समोरचाच. तपासणीचा हक्क ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात. हा बाजाराचा नियम आहे, आणि तो आपल्यालाही वापरता येतो.

कायदाही हेच सांगतो. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १६ काढून बघा. काही अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची आपोआप हमी नाही. घेणाऱ्याने डोळे आणि कान उघडे ठेवून घ्यावे, असा त्याचा अर्थ. हमी हवी असेल तर ती मागून, कागदावर लिहून घ्यावी लागते.

आणि प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत हा नियम आहे. तरी वेचणीच्या दिवसांत बायका कशात बसून शेतावर जातात आणि गाठोड्यांवर बसून कशा परततात, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ते थांबलेच पाहिजे. पण ज्या गाडीच्या चाकातला आवाज महिनाभर कुणी ऐकला नाही, त्या गाडीचे चाक घाटात निखळले तर ड्रायव्हर असो, हमाल असो की समोरून येणारा सायकलवाला असो, जीव माणसाचाच जातो.

तीन प्रश्न विचारा

‘गाडी आवाज करते’ एवढे सांगून मिस्त्रीकडे जाणे म्हणजे ‘दुखते’ एवढे सांगून डॉक्टरकडे जाणे. कुठे दुखते, कधी दुखते, काय केल्यावर वाढते, हे आपणच सांगायचे. ट्रकला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: आवाज गाडी उभी असताना येतो की चालतानाच येतो? सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून, न्यूट्रलमध्ये इंजिन हळूहळू रेस करा. इथेच आवाज आला तर तो इंजिनात, पट्ट्यात, क्लचमध्ये किंवा गिअरबॉक्सच्या तोंडाशी आहे. आला नाही तर बहुधा मागे आहे: शाफ्ट, डिफरन्शियल, चाके, पाटे.

दुसरा प्रश्न: आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की चाकांच्या? रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने आधी तिसऱ्या गिअरमध्ये चालवा, मग त्याच वेगाने चौथ्यात. गाडीचा वेग तोच, पण इंजिनाच्या फेऱ्या कमी झाल्या. आवाजाचा सूर उतरला तर तो इंजिनाच्या बाजूचा. सूर तोच राहिला तर तो चाकांच्या बाजूचा. एवढ्या एका परीक्षेने अर्धी गाडी संशयातून मोकळी होते.

तिसरा प्रश्न: भार पडल्यावर वाढतो की भार सुटल्यावर? चढावर ॲक्सिलेटर दाबून बघा, मग पाय काढून बघा. रिकामी चालवा आणि भरून चालवा. कापूस आणि कडबा हौदा भरतो, पण वजन थोडे असते. खरी परीक्षा ज्वारीच्या पोत्यांची. आरसीवर लिहिलेल्या भाराइतकी पोती टाका, त्याहून जास्त नाही.

इंजिन काय सांगते

इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा चालू करा. तुम्ही पोचण्याआधीच विकणाऱ्याने गाडी तापवून ठेवली असेल तर ‘संध्याकाळी येतो’ म्हणा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझलाच पाहिजे. आधीच लागला नाही तर कुणीतरी त्याची वायर काढलेली असू शकते. दिवा बोलू नये म्हणून त्याची जीभ कापली, दुसरे काय?

वरच्या झाकणाखालून हलकी, एका लयीतली टकटक येते ती बहुधा टॅपेटची. गॅप पट्टीने मोजून नीट करता येते. हे स्वस्त काम आहे. या आवाजाला घाबरून चांगली गाडी सोडू नका.

खालून, पोटातून ठोका येतो, इंजिन तापल्यावर आणि भार पडल्यावर वाढतो, सोबत ऑइलचा दाब पडतो, तर तो बिगेंड किंवा मेन बेअरिंगचा समजा. हा महागाचा आवाज. हा ऐकला की एक तर गाडी सोडा, नाही तर इंजिनाच्या कामाचा पूर्ण खर्च भावातून वजा करा. असे इंजिन ‘थोडे दिवस चालवून बघू’ म्हणून चालवू नये. ऑइलचा दाब नसेल तर क्रँकही जाईल.

सकाळी थंडीत जोरात खटखट आणि पांढरा किंवा काळा धूर, हा दोष नोझलचा किंवा पंपाच्या टायमिंगचा असू शकतो. जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाच्या इंजिनात अनुभवी मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करून ते सिलिंडर बंद पाडतो. ज्या सिलिंडरला ठोका कमी झाला तिथे दोष. कुठल्याच सिलिंडरला फरक पडला नाही तर ठोका बहुधा ज्वलनाशी जोडलेला नाही. टॅपेट, टायमिंग गिअर किंवा बाहेरचा पट्टा बघायचा. पण हे काम आपण करायचे नाही. डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. आणि नव्या कॉमन रेल इंजिनात तर पाइपला कुणालाच हात लावू देऊ नका. तिथला दाब हजार बारच्या वर असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या, त्यांची तपासणी मशीन लावूनच करावी.

इंजिनाच्या पुढून चीं-चीं किंवा गरगर येते तेव्हा दोष पट्ट्याचा, डायनामोचा किंवा वॉटर पंपाचा. गाडी बंद करून पट्टा उतरवा आणि फार तर अर्धा मिनिट इंजिन चालवा. आवाज गेला? मग इंजिन निर्दोष. आता गाडी बंद करून एकेक पुली हाताने फिरवा, खरखर लागते ती दोषी. लाकडाची लांब काठी एका टोकाने भागावर आणि दुसऱ्या टोकाने कानाशी धरली की आवाजाची जागा कळते. मात्र धोतर, उपरणे, शर्टाची बाही, पदर फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

क्लचपासून मागच्या चाकापर्यंत

क्लचची परीक्षा सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी. गाडी उभी, न्यूट्रल. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो आणि सोडल्यावर जातो, तर रिलीज बेअरिंग. उलट, क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग. दोन्ही कामांना गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण इंजिन उघडावे लागत नाही.

चालताना एकाच गिअरमध्ये आवाज येतो तर त्या गिअरच्या दात्यांवर संशय घ्या. टॉप गिअर थेट असलेल्या गिअरबॉक्समध्ये बाकी सगळ्या गिअरांत घुरघुर येते आणि टॉपमध्ये थांबते, तर खालच्या शाफ्टची बेअरिंगे बघा. टॉपमध्ये ताकद त्या शाफ्टवरून जात नाही, म्हणून तिथे शांतता.

गाडी हलताना किंवा पुढून मागे घेताना ‘टक्’ होते ती बहुधा शाफ्टच्या क्रॉसची. खाली वाकून, गाडी बंद आणि चाकांना दगड लावलेले असताना, शाफ्ट हाताने फिरवून बघा. क्रॉसमध्ये खेळ दिसला तर बदला. रस्त्यात शाफ्ट सुटला तर गाडी जागची हलत नाही. ठरावीक वेगालाच थरथर सुरू होत असेल तर मधले सेंटर बेअरिंग किंवा शाफ्टचा तोल बघा.

ॲक्सिलेटर दाबल्यावर मागून हुंकार, सोडल्यावर सूर बदलला, हे डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियनचे बोलणे. फक्त वळणावर कटकट येते तर आतली छोटी पिनियने. प्लग काढून थोडे ऑइल कागदावर घ्या. उन्हात चकाकणारा लोखंडी चुरा दिसला तर आवाज खोटा नाही.

वेगाबरोबर वाढणारी, गिअर बदलला तरी न बदलणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर जातो. तिथे घरघर वाढली तर डावीकडचे चाक बघा, डाव्या वळणावर वाढली तर उजवीकडचे. वीस किलोमीटर चालवून थांबा आणि हाताची पाठ प्रत्येक हबाजवळ न्या, चिकटवू नका. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला तर बेअरिंग तरी बिघडले आहे, नाही तर ब्रेक तरी धरून राहिला आहे. ब्रेक दाबल्यावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर लायनर संपून रिव्हेट ड्रमला लागलेले असतील. या दोन्ही आवाजांना ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे उत्तर नाही. गाडी तिथेच उभी करा.

खड्ड्यात ‘धडाड’ होते तेव्हा पाटे बघा. तुटलेले पान, झिजलेले बुश, ढिला यू-बोल्ट. यू-बोल्ट ढिला राहिला तर मधला बोल्ट तुटून आख्खा आस सरकतो. पाट्यांची नुसती कुरकुर मात्र घाबरण्याची गोष्ट नाही. बंडीच्या कण्याला वंगण कमी पडले की ती कशी कुरकुरते हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

स्वस्तापासून महागाकडे

शोधाचा क्रम चुकला की खर्च वाढतो. आधी फुकटाची कामे. चाकाचे नट आवळा. मागच्या जोडचाकांच्या मधे दगड अडकला आहे का बघा. एक दगड ‘डिफरन्शियल गेले’ म्हणण्याइतका आवाज करू शकतो. फाळक्याची साखळी, मडगार्ड, बॅटरीची पेटी, सायलेन्सरचा पट्टा हाताने हलवून बघा. ऑइल, पाणी, ग्रीस बघा. मग पाच-पन्नास रुपयांची कामे, मग शेकड्यांची, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि गाडी चालवून ऐका. तीन भाग एकदम बदलले तर दोष कशात होता ते ना तुम्हाला कळणार, ना मिस्त्रीला.

मिस्त्री आपला वैरी नाही. तोही आपल्यासारखाच घाम गाळून खातो. पण पन्नास गाड्यांच्या गर्दीत त्याला तुमच्या गाडीसाठी दहा मिनिटे मिळतात आणि तो अंदाजाने बोलतो. वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहून नेलीत तर तो अंदाज करायचा थांबतो. बदललेला जुना भाग परत मागा. तो हातात घेऊन झिजलेला दिसला पाहिजे.

मुकी गाडी जास्त धोक्याची

एक इशारा. जुनी गाडी थोडी बोलणारच. जी अजिबात बोलत नाही तिच्याकडे जास्त लक्ष द्या. दाट ऑइल भरून ठोका दाबता येतो. गिअरबॉक्समध्ये आणि डिफरन्शियलमध्ये लाकडाचा भुसा किंवा ग्रीस कोंबून घुरघुर झाकता येते. पट्ट्याला साबण चोळून चीं-चीं थांबवता येते. आणि काहीच जमले नाही तर टेप मोठा लावता येतो. म्हणून चाचणीत टेप बंद, पंखा बंद, काचा खाली. दलाल गप्पा मारत राहिला तर त्याला मागे हौद्यात बसवा.

बारा-पंधरा किलोमीटर, चढउताराच्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीची चाचणी द्यायला जो तयार नाही, त्याची गाडी घेऊ नका. ज्याची गाडी चांगली, त्याला भीती कशाची?

कागदही ऐका

‘इंजिन फुल कंडिशन’ असे विकणारा म्हणाला तर तेच वाक्य तारखेसह सौदापत्रावर लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर उत्तर मिळाले. फिटनेसचा कागद बघा. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला तो दरवर्षी लागतो. पण फिटनेस आहे म्हणून बेअरिंग चांगले आहे असे समजू नका. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर मागायचा. जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत दलालांसाठी केंद्राचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. दलालाला त्याचे प्रमाणपत्र मागा. आणि आपली गाडी विकताना ती कागदावर आपल्या नावाने राहू देऊ नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावर येते, गाडी हातातून गेली असली तरी.

‘शेतकऱ्याने मिस्त्री कशाला व्हावे?’

असे म्हणणारे भेटतील. आम्ही कुणाला मिस्त्री व्हा म्हणत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बदलला की घरातली म्हातारी ओट्यावरून सांगते, ‘पाणी तुटले, मोटार कोरडी चालली.’ तिला कुणी शिकवले? रोज ऐकून ती शिकली. तोच कान ट्रकला लावायचा आहे.

दुसरे म्हणतील, कोरडवाहू माणसाने ट्रक घ्यावाच कशाला, भाड्याने आणावा. बरोबर आहे. वर्षात चारच महिने काम असेल तर हिशेब मांडा, आणि भाडे स्वस्त पडत असेल तर ट्रक घेऊ नका. पण चौघांनी मिळून घ्यायचा ठरवलाच, तर ज्या मालाला एका पावसाची ओढ पुरते त्या मालाच्या पैशातून तो येणार आहे. तो पैसा अंदाजावर उधळायचा नसतो.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आमची सूचना आहे. वेचणी सुरू होण्याआधी प्रत्येक तालुक्यात एक दिवस ठरवावा. ज्यांनी जुन्या गाड्या घेतल्या आहेत त्यांनी गाड्या घेऊन यावे, जे घेणार आहेत त्यांनी कान घेऊन यावे. दोन जाणते मिस्त्री बोलवावेत, त्यांचा दिवसाचा रोज वर्गणीतून द्यावा. दहा गाड्यांची टॅपेट, बेअरिंगे, क्रॉस एकापाठोपाठ एक ऐकली की अकरावी गाडी ओळखता येते. तरुण पोरांनी आणि ड्रायव्हरांनी पुढे बसावे. आवाज, त्याची जागा आणि झालेला खर्च एका वहीत लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी घेणाऱ्याला ती वही वाचूनच बाजारात जाता येईल.

वही आणि पेन्सिल घेऊन या. टेप घरी ठेवा.